फोनवरची फसवणूक : सोलापूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

पैसे आत्ताच गेले असतील तर फक्त पहिला प्रश्न वाचा आणि फोन उचला, बाकीचं नंतर. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी सावकाश वाचावं. हे प्रश्न पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांपासून होटगी रोडच्या निवृत्त प्राध्यापकांपर्यंत सगळे विचारतात. फसवणारा प्रत्येकाला वेगळी गोष्ट सांगतो, पण शेवटी मागतो तेच.

खात्यातून पैसे आत्ताच गेलेत. आधी काय करू?

१९३० लावा. घरच्यांना सांगणं, बँकेत जाणं, त्या माणसाला परत फोन करून शिव्या देणं हे सगळं त्यानंतर.

१९३० ही देशभराची सायबर हेल्पलाइन आहे. तिथला माणूस तुमच्याकडून व्यवहाराची माहिती घेतो आणि पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवतो. चोरलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत. एकातून चार, चारातून दहा खात्यांत पांगतात आणि कुठल्या तरी एटीएममधून निघतात. निघण्याआधी जिथे सापडतील तिथे ते गोठवता येतात. म्हणून अर्ध्या तासाने केलेली तक्रार आणि दुसऱ्या दिवशी केलेली तक्रार यांत फार फरक पडतो.

जवळ हे ठेवा: तुमचा खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ, यूपीआय असेल तर व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, आणि ज्यावरून फोन आला तो नंबर. लाइन लागत नसेल तर ताटकळत बसू नका. घरातल्या दुसऱ्या कुणाला सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरायला बसवा, आणि तिसऱ्या फोनवरून बँकेला कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग बंद करायला सांगा. तक्रारीचा पोचक्रमांक लिहून घ्या. मेसेज, स्क्रीनशॉट, कॉलची यादी, काहीही डिलीट करू नका. लाजेपोटी लोक आधी तेच करतात.

मग कुठल्या पोलीस ठाण्यात जायचं? शहरातल्या की ग्रामीणच्या?

सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे, आणि बार्शी, पंढरपूर, सांगोला, अक्कलकोट हा सगळा भाग ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे येतो. दोन्हीकडे सायबर पोलीस ठाणं आहे. पण हद्दीच्या विचारात वेळ घालवू नका. जवळचं ठाणं गाठा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. नंतर ती योग्य ठाण्याकडे जाते.

गेलेले पैसे परत मिळतात का?

काहींना मिळतात, बऱ्याचदा अर्धेमुर्धे मिळतात, आणि अनेकांना मिळत नाहीत. गोठवलेली रक्कमसुद्धा आपोआप खात्यात येत नाही, त्यासाठी सहसा न्यायालयात अर्ज करावा लागतो. सायबर ठाण्यात गेल्यावर ‘रक्कम होल्ड झाली का, किती आणि कुठल्या बँकेत?’ हे नेमकं विचारा.

बँकेच्या जबाबदारीचे नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. तुमची किंवा बँकेची काहीच चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भार नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं; कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्यामुळे नुसतं तोंडी सांगून येऊ नका, तारीख-वेळ असलेली पोच घ्या. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथला चौकशीचा नंबर १४४४८.

आणि एक: फसलेल्या माणसाला काही दिवसांनी ‘तुमचे पैसे सोडवून देतो, पाच हजार फी भरा’ असा फोन येतो. तोही त्याच टोळीतला समजा. तुमचा नंबर त्यांच्या यादीत असतो.

आलेला फोन खोटा आहे हे ओळखायचं कसं?

ओळखायच्या भानगडीत पडू नका, असं माझं मत आहे. बोलणारा अस्खलित मराठीत बोलेल, तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आधारचे शेवटचे चार आकडे सांगेल. ही माहिती बाजारात फिरते आहे, ती सांगितल्याने तो बँकेचा ठरत नाही. पूर्वी ‘हिंदीत बोलतोय म्हणजे चोर’ असा एक ठोकताळा होता. तोही गेला. आता तेलुगू-कन्नडमध्ये बोलणारेही निघतात, आणि आपल्या गावात ते लगेच जवळचे वाटतात.

तो कोण आहे यापेक्षा काय करायला लावतोय ते बघा. घाई करतो, कुणाला सांगू नका म्हणतो, फोन ठेवू देत नाही. यातलं एक जरी असलं तरी फोन ठेवायचा. उद्धटपणा होईल ही भीती आपल्या पिढीला फार. समोरचा ‘काका, ऐका तरी’ म्हणत असताना फोन ठेवणं जड जातं, आणि त्याला तेच हवं असतं. ठेवल्यावर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा नंबर स्वतः लावा. खरं काम असेल तर ते तिथेही होईल.

थोडी मदत नंबरांचीही होते. बँकांच्या सेवेसंबंधी फोनसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका दिली आहे, जाहिरातीच्या फोनसाठी १४० ची. बँक म्हणून साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी बोलत असेल तर तिथेच थांबा.

पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल आला. ‘तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात’ म्हणाले. खरंच असं असतं का?

नसतं. भारतातल्या कुठल्याही कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं.

हा खेळ कसा रंगतो ते माहीत असलेलं बरं, कारण यात शिकलेसवरलेले, पेन्शनवाले जास्त सापडतात. सुरुवात साधी: ‘ट्रायकडून (दूरसंचार नियामक) बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार, माहितीसाठी नऊ दाबा.’ नऊ दाबलं की कुणीतरी सांगतो, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा घडलाय, किंवा तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. मग फोन ‘मुंबई क्राइम ब्रँच’कडे जातो. व्हिडिओवर गणवेश, मागे झेंडा, टेबलावर फायली. व्हॉट्सअॅपवर सर्वोच्च न्यायालयाच्या शिक्क्याचं पत्र येतं, त्यात तुमचं नाव. मग हुकूम: खोलीचं दार लावा, कॅमेरा चालू ठेवा, बायकोला सांगितलंत तर तिलाही आत घेऊ. शेवटी, ‘तुमचे पैसे स्वच्छ आहेत का ते तपासायचंय, सगळी रक्कम या सरकारी खात्यात टाका, दोन दिवसांत परत.’

मुदत ठेव मोडायला बँकेत जाताना काय बोलायचं तेही शिकवून पाठवतात: मॅनेजरने विचारलं तर मुलीच्या लग्नाला हवेत म्हणा. त्यामुळे बँकेत काम करणाऱ्यांना एक विनंती. सत्तरीचा माणूस एकटा आला, हात थरथरतायत, कानाला फोन आहे आणि पूर्ण ठेव मोडायची म्हणतोय, तर त्याला आत बसवा, पाणी द्या, फोन बाजूला ठेवायला लावा आणि घरच्यांचा नंबर मागा.

खऱ्या अटकेत कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं, आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. हजर राहण्याची, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सअॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पैसे ‘तपासायला’ मागणारं पोलीस खातं नाही.

फोन ठेवला तर पोलीस घरी येतील का? येऊ द्या. आलेच तर दारात ओळखपत्र मागा आणि सदर बझार, विजापूर नाका, जे तुमचं ठाणं असेल तिथे किंवा ११२ ला फोन करून खात्री करा.

लष्कराची टॉवेलची मोठी ऑर्डर आली आहे. पेमेंटसाठी क्यूआर कोड पाठवलाय. स्कॅन करू का?

करू नका. सोलापुरात हा प्रकार चादर-टॉवेलच्या धंद्याला बेतून शिवलेला आहे.

चाटी गल्लीतल्या एखाद्या दुकानात दुपारी फोन येतो. ‘आर्मी युनिटमधून बोलतोय, तीनशे टर्किश टॉवेल आणि शंभर चादरी पाहिजेत.’ घासाघीस नाही, हे पहिलं लक्षण! भाव सांगाल तो कबूल. व्हॉट्सअॅपवर लष्करी ओळखपत्राचा आणि गणवेशातला फोटो येतो. माल बांधून ठेवायला सांगतात, टेम्पो येतोय म्हणतात. दुकानदार पोरांना गठ्ठे बांधायला लावतो. मग दुसरा फोन, ‘अकाउंट विभागाचा’: ‘हमारे यहां पेमेंट का सिस्टम अलग है. पहले आप एक रुपया भेजिए, दो वापस आएंगे.’ एक पाठवला, खरंच दोन आले. विश्वास बसला. मग अठ्ठेचाळीस हजारांचा क्यूआर येतो: स्कॅन करा, पिन टाका, दुप्पट जमा होईल. पिन टाकला, अठ्ठेचाळीस गेले. ‘सर्व्हरमध्ये अडकले, पुन्हा तेवढेच टाका, सगळे एकदम येतील.’ इथे लोक दुसऱ्यांदा टाकतात, कारण आता पहिले सोडवायचे असतात.

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि दुसऱ्याने पाठवलेला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे दिले. ग्राहकाला तुमच्या दुकानाचा क्यूआर किंवा खाते क्रमांक आणि आयएफएससी द्या. ‘यावर आगाऊ टाका, खात्यात दिसले की माल निघेल’ एवढंच सांगा. खरा गिऱ्हाईक पाठवतो. खोटा ‘आमच्या नियमात बसत नाही’ म्हणतो आणि मग सैन्याचा अपमान केल्यासारखा आवाज चढवतो. घर भाड्याने देणाऱ्यांना, जुनं फर्निचर ऑनलाइन विकणाऱ्यांनाही हाच फौजी भेटतो.

‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार’ असा मेसेज आलाय.

खाली एखाद्या ‘वीज अधिकाऱ्या’चा मोबाइल नंबर असेल तर तो मेसेज खोटा. महावितरण वैयक्तिक मोबाइलवरून असले मेसेज पाठवत नाही. शंका असेल तर महावितरणच्या अॅपवर बिल बघा किंवा १९१२ ला विचारा. त्या नंबरावर फोन केलात की ‘दहा रुपये भरून अपडेट करा’ म्हणत स्क्रीन दाखवणारं एखादं अॅप टाकायला लावतात. त्यानंतर तुम्ही टाइप करता ते सगळं त्याला दिसतं.

लाडकी बहिणीचं केवायसी करून देतो म्हणून फोन येतो, लिंक येते. काय करावं?

सरकारी योजनेची फाइल व्हॉट्सअॅपवर येत नाही. योजनेचं जे असेल ते सरकारी संकेतस्थळावर, अंगणवाडी सेविकेला विचारून किंवा ओळखीच्या सेवा केंद्रात बसून करा. फोनवर आधारचा ओटीपी विचारणारा, तो कितीही ‘ताई ताई’ करो, पंधराशे रुपये द्यायला बसलेला नाही.

याचाच भाऊ म्हणजे एपीके फाइल. शेतकऱ्याला ‘पीएम किसान’ नावाने येते, गाडीवाल्याला ‘आरटीओ चलान’ नावाने, बाकीच्यांना लग्नपत्रिका म्हणून. वाईट भाग असा की ती बहुधा ओळखीच्या नंबरावरून येते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफमध्ये असते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते अॅप आहे. उघडलं की ते तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि मग ओटीपी तुम्ही न सांगताच तिकडे पोचतो.

ती फाइल मी उघडली. आता?

मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, फोन एरोप्लेन मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. पैसे गेले असोत वा नसोत, १९३० ला सांगा. मग ते अॅप काढा. निघत नसेल किंवा सापडत नसेल तर फोटो वगैरे बाजूला काढून फोन फॅक्टरी रीसेट करून घ्या. पासवर्ड आणि पिन दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. तुमच्या नावाने तीच फाइल पुढे गेली असेल, तेव्हा नातेवाइकांच्या ग्रुपवरही लगेच कळवायला लावा.

पंढरपूरच्या, अक्कलकोटच्या भक्तनिवासाचा नंबर गूगलवर शोधला, पैसे भरले, तिथे गेलो तर बुकिंगच नाही.

आषाढी-कार्तिकीच्या आधी हे हमखास होतं. शोधल्यावर जे पहिलं दिसतं ते अधिकृत असतंच असं नाही. पैसे भरून वर आणलेली जाहिरात असू शकते, आणि नकाशावरचा फोन नंबर तर कुणीही बदल सुचवून टाकतो. बँकेचा, गॅस कंपनीचा, कुरियरचा ‘कस्टमर केअर’ नंबरही असा शोधायचा नाही. संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, पावतीवरून किंवा अॅपमधून घ्या. खोलीचे पैसे व्यक्तीच्या नावाच्या यूपीआयवर मागत असतील तर भरू नका. यूपीआयमध्ये पिन टाकण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, ते वाचायची सवय लावा.

बँकांच्या बाबतीत एक सोपी खूण झाली आहे: रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँकांची संकेतस्थळं आता ‘डॉट बँक डॉट इन’वर आली आहेत.

पुण्यातल्या नातवाचा रडका आवाज होता. आवाज खोटा कसा असेल?

समाजमाध्यमावरच्या थोड्याशा व्हिडिओवरून आवाजाची नक्कल करता येते. फोन ठेवा आणि नातवाच्या नेहमीच्या नंबरावर लावा. नाही उचलला तर त्याच्या आईला, मित्राला. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा, जो फक्त घरच्यांना ठाऊक असेल. आजीच्या माहेरच्या म्हशीचं नावसुद्धा चालेल.

‘चुकून तुमच्या खात्यात पाच हजार आले, परत करा’ म्हणतोय. मेसेजही आलाय.

मेसेज बघू नका, बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक बघा. तो मेसेज त्यानेच दहा आकडी नंबरावरून टाइप केलेला असतो. खरोखर आले असतील तरी स्वतः परत पाठवू नका. ‘तुमच्या बँकेत तक्रार करा, बँक काढून घेईल’ म्हणा. ते पैसे दुसऱ्या कुणाचे चोरलेले असू शकतात.

स्टार-हॅशचा कोड दाबायला सांगितला. कॉल मर्ज करायला सांगितला. त्याने काय होतं?

त्या कोडने तुमचे कॉल दुसऱ्याच्या नंबरावर वळू शकतात. मग बँकेचा, व्हॉट्सअॅपचा फोनवरून येणारा कोड तो ऐकतो. वळवणी रद्द करायला हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश डायल करा. मर्जचंही तेच: ‘मित्राचा फोन येतोय, जोडून घ्या’ म्हणतो, आणि तो दुसरा फोन म्हणजे ओटीपी वाचून दाखवणारं मशीन.

शेअर बाजाराच्या ग्रुपवर रोज नफा दिसतोय. थोडे काढूनही बघितले, मिळाले.

मिळणारच, ते आमिषाचं बजेट असतं. अॅपमधला लाखांचा आकडा म्हणजे पडद्यावरचं चित्र. मोठी रक्कम काढायला गेलात की ‘आधी कर भरा’ सुरू होतं. ग्रुपमधले ‘मलाही मिळाले’ म्हणणारे बहुतेक त्यांचेच असतात. सल्लागार सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाकडे, नोंदलेला आहे का ते सेबीच्या संकेतस्थळावर बघा, आणि पैसे कुठल्या खात्यात मागतायत ते बघा. एखाद्या ट्रेडर्स किंवा एंटरप्रायझेसच्या चालू खात्यात गुंतवणूक होत नसते.

मित्र म्हणतो, तुझं बँक खातं फक्त वापरायला दे, महिन्याला दहा हजार मिळतील. यात काय गैर आहे?

हे कॉलेजची पोरं विचारतात, आणि मला या पानावरचा सगळ्यात गंभीर प्रश्न हाच वाटतो. वर जे ‘पैसे पांगतात’ म्हटलं, ते अशाच खात्यांतून. खातं, एटीएम कार्ड आणि सिम दिलंत की फसवणुकीच्या साखळीत नाव तुमचं लागतं. ज्याने दहा हजार दिले त्याचं कुठेच नसतं. दुसऱ्या राज्यातले पोलीस दारात येतात. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ डी लागू शकतं. खातं गोठतं, नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणी अडते. आधीच दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन बंद करा आणि वकिलाचा सल्ला घेऊन पोलिसांकडे स्वतः जा.

अनोळखी व्हिडिओ कॉल उचलला, समोर अश्लील दृश्य होतं. आता रेकॉर्डिंग व्हायरल करू म्हणतात.

एक पैसा देऊ नका. दिलात की मागणी वाढते. स्क्रीनशॉट ठेवा, नंबर ब्लॉक करा, १९३० ला सांगा. आणि घरात एका माणसाला सांगा. धमकी चालते ती तुम्ही एकटे आहात या भरवशावर.

आई-वडील एकटे राहतात. त्यांच्या फोनमध्ये काय करून ठेवू?

रविवारी तासभर काढा. मोठी ठेव ज्या खात्याला जोडलेली आहे त्याला यूपीआय नको. रोजच्या खर्चासाठी वेगळं छोटं खातं ठेवा आणि त्याची दिवसाची मर्यादा कमी करा. व्हॉट्सअॅपवर अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे ती चालू करा, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. अनोळखी ठिकाणाहून अॅप टाकायची परवानगी बंद करा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, लागेल तेव्हा उघडता येतं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर त्यांच्या नावावर किती सिम आहेत ते बघा. अनोळखी असेल ते तिथूनच कळवता येतं. संशयास्पद फोन-मेसेजची तक्रारही तिथल्याच ‘चक्षू’ विभागात होते.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना ‘हयातीचा दाखला फोनवर करून देतो’ असे फोन येतात. दाखला बँकेत, पोस्टात किंवा जीवन प्रमाणवर तुमच्या देखत होईल, हे आधीच बोलून ठेवा.

मोठ्या अक्षरात १९३० आणि तुमचा नंबर लिहून कागद टीव्हीशेजारी चिकटवा. आणि वडिलांनी कधी ‘एक फोन आला होता, मी थोडे पैसे पाठवले’ म्हटलं तर पहिलं वाक्य ‘तुम्हाला सांगितलं होतं ना!’ असू नये. रक्कम विचारा, वेळ विचारा, आणि त्यांच्या समोरच नंबर फिरवा.